छाटणीची मुदत

जॉर्जिया आणि अलाबामा या राज्यांच्या मुलखात, ओढ्याकाठच्या उतरणीवर, उंच वृक्षांच्या छायेत आपोआप वाढणारे आणि ओक वृक्षाच्या पानांसारखी खाचदार, हाताच्या पंजाहून मोठी पाने मिरवणारे हायड्रेंजियाचे झुडूप वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी ज्याने प्रथम दाखल केले, तो फिलाडेल्फियाचा विल्यम बार्ट्रम 1773 ते 1777 या काळात या अरण्यांतून हिंडला आणि 1791 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने त्याचे वर्णन केले. अटलांटानजीकच्या माझ्या परसात या झुडपाला जागा दिल्यापासून माझे असे मत दिवसेंदिवस दृढ होत आले आहे, की ती उतरण आणि ती छाया हीच त्याच्या संगोपनाची खरी संहिता होय, आणि ती पाळणाऱ्याला पुढे फारसे काही करावे लागत नाही.

या भागातील तांबडी चिकण माती पाणी धरून ठेवते. आणि या झुडपाला ओलावा कितीही प्रिय असला, तरी साचलेले पाणी त्याला मुळीच सोसत नाही. मुळे बुडाली की ती कुजवणाऱ्या फायटोफ्थोरा या रोगजंतूचा अंमल सुरू होतो, आणि मूळकुजीने माना टाकलेली पाने तहानेने सुकली असे समजून जो आणखी पाणी घालतो, त्याच्या हातून झाड वाचत नाही. यासाठी रोप उतारावर वा उंचवट्यावर, त्याच्या मुळांचा माथा भोवतीच्या जमिनीपेक्षा किंचित वर राहील असे लावावे. सकाळचे ऊन आणि तिसऱ्या प्रहरी सावली देणारी पूर्वेची बाजू पाहावी. बुंध्यापासून थोडे अंतर राखून पाइनच्या सुयांचे आच्छादन पसरावे, आणि पहिले एकदोन उन्हाळे पाण्याचा बंदोबस्त चोख ठेवावा. अनुकूल जागी ते दहा-बारा फुटांपर्यंत वाढते, म्हणून खिडकीखाली लावून आयुष्यभर कापत बसण्यापेक्षा आरंभीच त्याला पुरेसे क्षेत्र द्यावे. अंगणच लहान असेल, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानाने निपजवलेल्या ‘रुबी स्लिपर्स’ किंवा ‘मंचकिन’ या ठेंगू जाती घ्याव्यात.

जागा योग्य मिळाली, की माळ्याचे उरलेले कर्तव्य बहुतांशी संयमाचे असते. उन्हाळ्याच्या आरंभी येणारे शंकूच्या आकाराचे शुभ्र घोस आदल्या वर्षीच्या काडीवर येतात, आणि त्यांच्या कळ्यांची तजवीज मागल्या उन्हाळ्याच्या अखेरीसच होऊन गेलेली असते. नाशिककडच्या द्राक्षबागाईतदाराला हे निराळे सांगावे लागणार नाही, कारण ऑक्टोबर छाटणीनंतर दिसणारा घड काडीत कित्येक महिने आधीच घडून बसलेला असतो, हे तो जाणतो. इकडे मात्र हिवाळ्यात बागेची साफसफाई म्हणून सरसकट कात्री चालवण्याचा रिवाज आहे. त्यात येत्या मोसमाची फुले कळीतच नाहीशी होतात, आणि मग फुले का आली नाहीत म्हणून खताची मात्रा वाढवली जाते. जादा नत्राने पाने माजतात, फुले येत नाहीत.

ज्या हिवाळी रूपाला अव्यवस्था समजून कापले जाते, तेच रूप मला या झुडपाचे उत्कृष्ट वैभव वाटते. पांढरे घोस हळूहळू गुलाबी, पुढे गंजाच्या वर्णाचे होतात, आणि हा पालट वयाने येतो. बागेतल्या निळ्या-गुलाबी हायड्रेंजियाप्रमाणे मातीतील आम्लाच्या प्रमाणावर तो अवलंबून नसतो. शरदात पाने तांबडी, जांभळी होतात आणि पुष्कळ काळ टिकतात. ती गळल्यावर जुन्या खोडांवरून दालचिनी रंगाची साल पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटताना दिसते. 1999 साली अलाबामाने याला राज्याचे रानफूल म्हणून मान्यता दिली, हा गौरव यथार्थच आहे. परंतु सरकारी सन्मानापेक्षा त्याला अधिक गरज आहे ती हिवाळ्यात कात्री आवरणाऱ्या हातांची.

ज्याला छाटणे अपरिहार्यच असेल, त्याने मेलेली वा वेडीवाकडी फांदी घोस ओसरताच, ऑगस्ट लागण्यापूर्वी काढावी आणि ती मुदत टळली तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावे. हात स्वस्थ बसत नसतील, तर जमिनीलगतची फांदी मातीत दाबून दाब कलम करावे. मुळे फुटलेले ते रोप, लावण्याच्या जागेविषयी दोन शब्द सांगून, शेजाऱ्याला देता येते.