जनीचे जाते
स्वयंपाकघरात चित्राजोगे काय असणार, असे आपण म्हणतो. स्पेनच्या वेलास्केथने १६१८ साली, ऐन विशीच्या आत, खलबत्त्यात कुटणारी मोलकरीण रंगविली. समोर मासळी, दोन अंडी, लसूण, लाल मिरची. त्यात ख्रिस्तही आहे. पण दूर, मागच्या लहानशा चौकटीत! आमच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईने त्याच्या अडीचशेहून अधिक वर्षे आधी जाते, उखळ, केरसुणी अभंगांत आणली. तिचा विठोबा मात्र मागे थांबत नाही. तो जात्याशी बसून दळू लागतो. चित्रकाराने भांडी खरी केली, जनीने कष्ट खरे केले. तेव्हा वाचकहो, यंदा चकलीची तारीफ करताना सोऱ्या कोणाच्या हाती आहे तेही पाहावे. जमल्यास घटकाभर आपल्याही हाती घ्यावा. विठोबाला त्यात कमीपणा वाटला नव्हता!