नव्या शिक्षकाचा उत्साह कोण मारतो?

‘नव्या पोरांना शिकवण्याची आवडच राहिली नाही,’ असे संस्थाचालक सांगतात. मला हे मान्य नाही. आवड घेऊनच ती शाळेत येतात. ती घालवते व्यवस्थापन.

राज्यात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. काम पूर्ण शिक्षकाचे, पण तीन वर्षे वेतनश्रेणी नाही, फक्त मानधन. प्राथमिकला सुरुवातीला महिना ३००० रुपये होते. २०२३ मध्ये १६,००० झाले. तीन वर्षांची टांगती तलवार तशीच राहिली.

ही वर्षे शिक्षक घडवण्याची असायला हवीत. मीही त्यातून गेलो. तीन वर्षांत मुख्याध्यापक एकदाही माझ्या वर्गात बसले नाहीत. पोषण आहाराच्या नोंदी, पोर्टलवरची माहिती, गैरहजर शिक्षकांचे तास मात्र माझ्याकडे. कुरकुर केली की एकच वाक्य: ‘अजून कायम व्हायचंय ना?’ माणूस मग शिकवणे सोडून मर्जी सांभाळायला लागतो.

आपल्या समाजाच्या संस्थाही यात मागे नाहीत. राज्यघटनेच्या कलम ३० ने आपल्याला शाळा चालवण्याचा हक्क दिला. नव्या शिक्षकाला धाकात ठेवण्याची मुभा दिलेली नाही. कौमची खिदमत म्हणत त्याला राबवायचे आणि तो कंटाळला की नव्या पिढीला नावे ठेवायची, हे थांबले पाहिजे.

पारख जरूर करा. पण सरकारने पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन द्यावे आणि मुख्याध्यापकांनी महिन्यातून एकदा तरी त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसावे.