बोटांचे ठसे, कल चाचणी आणि आपली दहावीची मुले

मंडळी, दहावीचे पेपर संपले की आपल्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये संध्याकाळच्या फेरफटक्याला एकच विषय असतो. सायन्स की कॉमर्स? झेन क्लस्टरपासून मेडिटेरेनियनपर्यंत कुठेही जा, आईबाबांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न. यंदा त्यात एक नवीन भर पडली. आमच्या ओळखीच्या एका घरी चहाला गेलो, तर टेबलावर जाडजूड रंगीत अहवाल! मुलीच्या दहा बोटांचे ठसे घेऊन तिने कुठला कोर्स करावा हे त्यात छापले होते. 'सायकॉलॉजी नको, इंजिनीअरिंग घ्या' असा निकाल होता. मुलीला मात्र सायकॉलॉजीच करायचे आहे. ती गप्प बसून होती.

ठसे आईच्या पोटातच तयार होतात हे खरे. पण त्यावरून बुद्धी किंवा कल कळतो याला पुरावा नाही. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे सांगितले आहे. तरीही आपण पैसे मोजतो, कारण अहवालावर 'मानसशास्त्र' हा शब्द असतो. म्हणूनच खुद्द मानसशास्त्राचे प्राध्यापक गेली काही वर्षे आपसांत कशावरून भांडत आहेत, हे पालकांनी जाणून घ्यायला हवे असे आम्हाला वाटते.

भांडणाचे मूळ साधे आहे. एकाने केलेला प्रयोग दुसऱ्याने पुन्हा केला तर तोच निष्कर्ष निघतो का? व्हर्जिनिया विद्यापीठाचे ब्रायन नोसेक आणि त्यांच्या शेकडो सहकाऱ्यांनी नामांकित नियतकालिकांतले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले. २०१५ साली निकाल आला. मूळ प्रयोगांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम दिसला होता, पुन्हा करताना तो जेमतेम ३६ टक्क्यांत दिसला. हार्वर्डच्या डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१६ मध्ये यावर आक्षेप घेतला. पुन्हा केलेले काही प्रयोग मुळाबरहुकूम नव्हते, असे त्यांचे म्हणणे. वाद अजून पुरता मिटलेला नाही.

पालकांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे मार्शमेलोचे. समोरची गोळी लगेच न खाता थांबणारे मूल पुढे अभ्यासात यशस्वी होते, हे आपण कितीतरी भाषणांत ऐकले आहे. वॉल्टर मिशेल यांचा तो प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या मुलांवर झाला होता. २०१८ साली वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली. संबंध दिसला, पण निम्माच. घरची परिस्थिती हिशोबात धरल्यावर तोही बराचसा विरला. म्हणजे चार वर्षांच्या पोराने गोळी खाल्ली म्हणून कपाळाला हात लावायचे कारण नाही!

मग सगळ्या चाचण्या खोट्या का? तसे नाही. महाराष्ट्रात राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे श्यामची आई फाउंडेशनच्या साथीने दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. पुढे तिला अभिक्षमता चाचणीची जोड दिली. काय आवडते हे त्यात मुलांनाच विचारले जायचे, आणि ठशांपेक्षा ही वाट केव्हाही बरी. पण मर्यादा इथेही आहे. आवडी किती टिकतात यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार शाळेच्या वयात आवडी बऱ्यापैकी टिकतात, पण त्या खऱ्या घट्ट होतात त्या अठरा ते बावीसच्या दरम्यान, कॉलेजच्या वर्षांत. आपण मात्र पंधराव्या वर्षीच शिक्का मारून मोकळे होतो.

आता त्या मुलीकडे येऊ. तिच्या बाबांनी आम्हाला विचारले, "ज्या शास्त्राचे प्रयोगच टिकत नाहीत, त्यात पोरीला कशाला घालायचे?" प्रश्न रास्त आहे. पण स्वतःच्या चुका स्वतःच मोजून जगासमोर मांडणारे शास्त्र आम्हाला जास्त भरवशाचे वाटते. ठसेवाल्यांनी असे कधी केल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. आता अनेक संशोधक प्रयोगाआधीच आपला आराखडा नोंदवून ठेवतात, मोठ्या संख्येने माणसे घेतात. म्हणून या वाटेने जाणाऱ्याला संख्याशास्त्र टाळता येणार नाही. 'गणित नको म्हणून सायकॉलॉजी' हा हिशोब चुकीचा आहे.

दुसरे म्हणजे नुसत्या पदवीवर भागत नाही. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, इथे दुबईत हेल्थ ऑथॉरिटीचा परवाना लागतो. वर्षे आणि खर्च आधीच धरून चला. आपला व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे ही गोष्ट घरात मोकळेपणी बोललेली बरी.

तेव्हा मंडळी, कुणी चाचणी विकायला आले तर तीन प्रश्न विचारा. ही दुसऱ्या कुणी तपासली आहे का? सहा महिन्यांनी पुन्हा दिली तर उत्तर तेच येईल का? आणि विकणाऱ्याला यातून काय मिळते? उत्तरे पटली नाहीत तर ते पैसे वाचवा आणि सुट्टीत मुलाला त्या क्षेत्रातल्या एखाद्या काकांबरोबर किंवा मावशीबरोबर दोन दिवस बसवा. आपल्या मंडळींत डॉक्टर, सीए, इंजिनीअर, शिक्षिका सगळे आहेत. कुणी नाही म्हणणार नाही.

ताजी खबर अशी की त्या मुलीने अकरावीला सायकॉलॉजी घेतली आहे, सोबत गणितही. अहवाल कपाटात गेला. पुढे काय होते ते आपण पाहूच. तिला आपल्या सर्वांच्या शुभेच्छा!