बाळाची लस झाली, आईच्या यकृताचे काय?

बाळ दीड महिन्याचे झालेले असते. बारसे झालेले असते, पाहुण्यांची वर्दळ ओसरलेली असते आणि बाळंतीण माहेरी लेकराच्या कौतुकात गुंतलेली असते. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, शेक-शेगडी सारे व्यवस्थित चाललेले असते. तरीही तिला जेवण जात नाही, अंगात त्राण वाटत नाही. ‘‘रात्रीची जागरणं आहेत ना, असं व्हायचंच,’’ असे आई म्हणते. बहुतेक वेळा आईचे म्हणणे खरेही असते. पण हीच बाळंतीण हेपटायटिस बी, म्हणजे ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या विषाणूची जुनी वाहक असेल तर मात्र या थकव्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

आपल्याकडे ‘कावीळ’ हा शब्द सरसकट वापरला जातो. दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ वेगळी आणि रक्तातून, शरीरसंबंधातून किंवा प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाकडे जाणारी ‘बी’ प्रकारची वेगळी. हा विषाणू रक्तात सहा महिन्यांहून अधिक काळ टिकला तर त्याला जुनाट संसर्ग म्हणतात. अशी व्यक्ती दिसायला ठणठणीत असते, डोळे पिवळे नसतात, कामधाम चालू असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हा जुनाट संसर्ग होता. त्यांतल्या कितीतरी स्त्रियांना तो प्रथम कळतो तो गरोदरपणातल्या रक्ततपासणीत.

बाळंतपणानंतर काय बदलते?

पोटातले मूल निम्मे आईचे, निम्मे वडिलांचे. आईच्या शरीराने त्याला परके समजून हल्ला करू नये म्हणून निसर्ग नऊ महिने तिची रोगप्रतिकारशक्ती थोडी सौम्य ठेवतो. त्याचा फायदा विषाणूलाही मिळतो. तो रक्तात असतो, पण शरीर त्याच्याशी फारसे भांडत नाही. यकृत शांत असते.

प्रसूती होते, वार पडते आणि पुढच्या काही आठवड्यांत प्रतिकारशक्ती पुन्हा पूर्वपदावर येते. आता तिला यकृताच्या पेशींत दडून बसलेला विषाणू दिसू लागतो आणि ती त्या पेशींवर तुटून पडते. या झटापटीत यकृताच्या पेशींना इजा होते आणि रक्तातले एस.जी.पी.टी.चे प्रमाण वाढते. म्हणजे येथे नुकसान विषाणूपेक्षा शरीराच्या स्वतःच्या लढाईमुळे अधिक होते. ही उसळी बहुधा पहिल्या तीन महिन्यांत येते, पण सहा महिन्यांपर्यंत केव्हाही येऊ शकते.

घाबरून जाण्याचे कारण नाही. बहुतेक जणींमध्ये ही उसळी सौम्य असते, काही लक्षणेही जाणवत नाहीत आणि ती आपोआप ओसरते. काही जणींच्या बाबतीत तर या लढाईत शरीराची सरशी होते आणि विषाणूचा जोर कमी होतो. परंतु मोजक्या स्त्रियांमध्ये, विशेषतः ज्यांचे यकृत आधीच खराब झालेले आहे त्यांच्यात, ही उसळी गंभीर होऊन जिवावर बेतू शकते. कोणाची सौम्य राहील आणि कोणाची बिघडेल हे चेहरा पाहून सांगता येत नाही. ते रक्ततपासणीतच कळते.

सासर-माहेरच्या मधल्या जागेत

अडचण नेमकी येथेच येते. गरोदरपणात तपासणी करणारे डॉक्टर सासरच्या गावचे, प्रसूती माहेरच्या गावी आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सासरी परत. फाइल एका गावी, बाळंतीण दुसऱ्या गावी. प्रसूतितज्ज्ञांचे काम टाके सुकले की संपते, बालरोगतज्ज्ञांचे लक्ष बाळाकडे असते. आईच्या यकृताकडे पाहणारे कोणीच उरत नाही. म्हणून गरोदरपणात ‘बी’ची तपासणी सकारात्मक आली असेल तर बाळंतपणाला जातानाच सगळे रिपोर्ट बरोबर घ्यावेत आणि पुढच्या तपासण्या कोठे, कोणाकडे करायच्या हे आधीच ठरवावे.

लक्षात ठेवण्याची एक सोपी युक्ती आहे. आईची तपासणी बाळाच्या लशीच्या तारखांना जोडून टाकावी. बाळाला दीड महिन्याचा डोस देताना आईची एस.जी.पी.टी., साडेतीन महिन्यांच्या डोसच्या वेळी दुसऱ्यांदा आणि बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर तिसऱ्यांदा. एखादा आकडा वाढलेला आढळला तर डॉक्टर मधूनही तपासणी सांगतील आणि विषाणूचे प्रमाण मोजायला लावतील.

गोळ्या मनाने थांबवू नका

रक्तात विषाणूचे प्रमाण खूप असेल तर बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून गरोदरपणाच्या उत्तरार्धात आईला टेनोफोविरच्या गोळ्या देतात. प्रसूतीनंतर त्या केव्हा थांबवायच्या हे डॉक्टर ठरवतात. कोणाच्या लवकर थांबतात, कोणाच्या काही आठवडे चालू राहतात, तर जिच्या स्वतःच्या यकृताला औषधाची गरज आहे तिला त्या पुढेही घ्याव्याच लागतात. ‘‘बाळ झालं, आता कशाला गोळ्या?’’ असे म्हणून त्या परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. औषध थांबल्यावरही यकृतात अशीच उसळी येते. मग बाळंतपणाची आणि औषध थांबल्याची अशी दोन संकटे एकदम येऊ शकतात.

अंगावर दूध पाजावे का, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. जन्मताच बाळाला संरक्षण दिले असेल तर जरूर पाजावे. टेनोफोविर चालू असतानाही पाजता येते. स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तर ते बरे होईपर्यंत त्या बाजूने पाजू नये. केवळ या विषाणूसाठी सिझेरियन करण्याचीही गरज नसते.

बाळाच्या बाबतीत मात्र घड्याळ महत्त्वाचे. जन्मानंतर २४ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, लशीचा पहिला डोस आणि त्याबरोबर तयार प्रतिद्रव्यांचे इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन द्यावे लागते. त्यानंतर ६, १० आणि १४ आठवड्यांचे डोस. संरक्षणाविना जन्मताच संसर्ग झालेल्या दर १० बाळांपैकी सुमारे ९ बाळांत तो जुनाट होतो, तर निरोगी प्रौढांत हे प्रमाण शंभरात पाचांहूनही कमी असते. बाळ ९ ते १२ महिन्यांचे झाल्यावर त्याची रक्ततपासणी करून घ्यावी. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस असतेच, तेव्हा तिची आठवण ठेवावी.

केव्हा धावपळ करावी?

डोळे पिवळे दिसणे, लघवी चहासारखी गडद होणे, सतत मळमळ आणि उलट्या, पोट फुगणे, हिरड्यांतून रक्त येणे, जास्त झोप येणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा वेळी कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन चुन्याच्या पाण्यात हात धुण्यात किंवा गळ्यात माळ घालण्यात मोलाचे दिवस जातात. अनोळखी काढे आणि जडीबुटी तर आधीच थकलेल्या यकृतावर आणखी ओझे टाकतात.

खर्चाची चिंता असेल तर २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमाखाली तपासणी व औषधे मोफत मिळण्याची सोय आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी.

घरच्यांनी काय करावे?

पती, सासरची माणसे, बाळंतिणीची आई आणि भावंडे यांनीही रक्त तपासून घ्यावे. संसर्ग नसेल व आधी लस घेतलेली नसेल तर लशीचे डोस पूर्ण करावेत. बाळंतिणीला हा विषाणू कदाचित तिच्या स्वतःच्या जन्माच्या वेळीच मिळालेला असतो, तेव्हा तिच्या चारित्र्याविषयी कुजबुज करणे अन्यायाचे आहे. तिचे ताट-वाटी वेगळे करू नये. एकत्र जेवल्याने, तिच्या हातचे खाल्ल्याने, जवळ बसल्याने हा आजार पसरत नाही. दात घासण्याचा ब्रश, नेलकटर, वस्तरा, सुई तेवढी वेगळी ठेवावी. बाळाचे कान टोचायचे तर तेही निर्जंतुक सुईनेच.

बाळाच्या लशीचे कार्ड घरोघरी जपून ठेवले जाते. त्याच कार्डाला आईच्या तपासणीचा कागद टाचून ठेवला, तर दीड महिन्याच्या त्या दिवशी दवाखान्यात दोघांचीही आठवण राहील.