अचानक जळालेली मोटार

'पंपाची मोटार अचानक जळाली' असे आमच्या सोसायटीच्या प्रोसिडिंग बुकात तीनदा लिहिलेले आहे. माझे भांडण 'जळाली'शी नाही, 'अचानक'शी आहे. अहो, ती बिचारी जळण्यापूर्वी दोन-दोन महिने हिवताप भरल्यासारखी थरथरत होती! कमिटीचा इलाज मात्र ठरलेला : रिवाइंडिंग. म्हणजे हिवतापाच्या रोग्याला नवा सदरा शिवायचा.

थरथर हे मोटारीचे पासबुक आहे, वाचणारा हवा. फेरीगणिक एक हेलकावा असेल तर फिरणारा भाग एका अंगाला जड झालेला. फेरीला दोन, शिवाय शाफ्टच्या दिशेने मागेपुढे हिसके, तर बहुधा मोटार आणि पंप एका रेषेत नाहीत. मग बेअरिंग झिजते, रोटर स्टेटरला घासतो आणि वाइंडिंग जळते. 'अचानक'!

आता गंमत पाहा. आमची मोटार मिनिटाला सुमारे 2900 फेऱ्या घेते. फेरीला दोन म्हणजे सेकंदाला साधारण 97 कंप. आपली वीज 50 हर्ट्झची, तिच्या दोषाचे कंप सेकंदाला 100. हाताला दोन्ही सारखेच. म्हणून बटण बंद करायचे. थरथर तत्क्षणी गेली तर दोष विजेचा. मोटारीबरोबर हळूहळू विझली तर यांत्रिक. याला इंजिनियर लागत नाही, कमिटी मेंबरही चालतो.

मीटिंगमध्ये हे सांगितले तर चेअरमन म्हणाले, "तुम्ही बी.कॉम. ना हो?" होय. म्हणूनच विचारतो, फायलीत रिवाइंडिंगची बिले तीन, मग कपलिंग तपासल्याचे एकही का नाही?