पेठ, पेटा आणि मौजे

मंडळी, लग्नाचा बस्ता बांधायला पुण्याला गेलात की बायामाणसांची तुळशीबागेत चक्कर होतेच. पोरांची पुस्तके घ्यायची तर आप्पा बळवंत चौक. ही दोन्ही ठिकाणे बुधवार पेठेत. तिथे बुधवारचा आठवडा बाजार शोधू नका, रोजच बाजार आहे! पुण्यात सातही वारांच्या पेठा आहेत, पण ही नावे मागाहून पडली. बुधवार पेठ औरंगजेबाने वसवली तेव्हा तिचे नाव मोहियाबाद होते. रविवार पेठेचे जुने नाव मलकापूर.

सर्वांत जुनी कसबा पेठ. कसबा म्हणजे परगण्याचे मुख्य, बाजाराचे गाव. साधे खेडे ते मौजे. तुमच्या जुन्या उताऱ्यावर 'मौजे' किंवा 'कसबे' असते ते यामुळेच. गावचा कारभार पाटील-कुलकर्ण्यांकडे, तर पेठेचा शेटे-महाजनांकडे असे.

आता पेठ वेगळी आणि पेटा वेगळा, हे ध्यानात ठेवा. पेटा म्हणजे तालुक्याचा पोटभाग. 1921 साली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला तो मुळशी पेट्यात. आज मुळशी स्वतंत्र तालुका आहे. बुद्रुक आणि खुर्द हे तर फारसीतले थोरले आणि धाकटे. अर्जात नुसते 'वडगाव' लिहाल तर शोधणाऱ्याने कोणते धरायचे?

ही भानगड आपल्याकडेच आहे असे नाही. रशिया, सर्बियाकडे 'ओक्रुग' नावाचा विभाग असतो. त्या शब्दाच्या मुळाशी वर्तुळ आहे, म्हणजे अक्षरशः आपले महसूल मंडळच! पोलंडमध्ये आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या प्रमुखाला 'स्तारोस्ता' म्हणतात, म्हणजे वडीलधारा. त्या देशाने 1999 साली 49 प्रांतांचे 16 केले. तेव्हा तिथल्या लोकांच्या कागदांवरचे पत्तेही बदलले असणार.

वारसनोंदीसाठी आजोबांचा कागद काढायचा असेल तर तो कोणत्या सालचा ते आधी पाहा. 1955 सालचा सांगलीकडचा कागद असेल तर त्यावर जिल्हा 'दक्षिण सातारा' असेल, कारण सांगली हे नाव 1960 साली आले. अलिबाग-पेणकडच्यांनी 1981 च्या आधीचे दप्तर 'कुलाबा' नावाखाली विचारावे. अर्जात गावाचे नाव बुद्रुक-खुर्दसकट लिहा, तालुका-जिल्ह्याचे जुने व नवे दोन्ही नाव द्या, आणि गट नंबराशेजारी जुना सर्व्हे नंबर ठळक टाका.