आठवीतच कॉलेजची घाई कशाला?

संध्याकाळी सहाला राजारामपुरीत गाडी लावायला जागा मिळाली, तर तुमचं नशीब जोरावर आहे म्हणायचं. एक बॅच सुटते, दुसरी भरते आणि पोरं एकदमच रस्त्यावर येतात. या गर्दीत अकरावी-बारावीवाले असणारच. पण आता शाळेच्या युनिफॉर्मवरच आलेली आठवी-नववीची मुलंही दिसतात. त्यांच्या बॅचचं नाव ‘फाउंडेशन’. म्हणजे कॉलेजची तयारी कॉलेजच्या चार वर्षं आधीच सुरू!

हे का झालं? सरळ कारण आहे. इंजिनिअरिंगला बारावीचे मार्क आता पात्रतेपुरते लागतात. पीसीएमला ओपनसाठी 45 आणि राखीव गटांसाठी 40 टक्के असले की झालं. पुढची मेरिट लिस्ट सीईटी किंवा जेईईच्या पर्सेंटाइलवर लागते. मेडिकलला नीट आहेच. 2022 पासून केंद्रीय विद्यापीठांतल्या पदवीसाठी सीयूईटीही आली. वजन बोर्डाकडून प्रवेश परीक्षेकडे सरकलं, तसे पालकही शाळेकडून क्लासकडे सरकले.

पण जरा हिशेब करून बघा. एमएचटी-सीईटीत साधारण 80 टक्के भर बारावीच्या अभ्यासक्रमावर आणि 20 टक्के अकरावीवर असतो. आठवीचा धडा त्यात नाही. जेईई आणि नीटचा अभ्यासक्रमही अकरावी-बारावीचाच. मग आठवी ते दहावीत नेमकं काय पक्कं हवं? अपूर्णांक, बीजगणित, आलेख वाचणं आणि प्रश्न नीट समजून घेणं. हे सगळं शाळेच्या पुस्तकात आहे. केंद्र सरकारनेही जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत 16 वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये, असं म्हटलंय. सूचना कागदावर आहे, बॅच जोरात आहेत.

दुसरी गोष्ट ‘इंटिग्रेटेड’ची. कॉलेज नावाला, दिवसभर क्लास. हे थांबवायला राज्य सरकारने 2018 मध्ये सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. तरी दोन वर्षं कॉलेजचं तोंड न बघता बारावी झालेली मुलं तुमच्याही वर्गात असतील. प्रॅक्टिकलला व्हर्निअर हातात घेतल्यावर त्यांची जी धांदल उडते, ती आपण सगळ्यांनी पाहिलीय. परीक्षा निघाली, पण कॉलेजसाठी लागणारी सवय राहून गेली.

खरी अडचण येते ती भाषेची. राधानगरी किंवा शाहूवाडीतून मराठी माध्यमात दहावी करून आलेला मुलगा अकरावी सायन्सला बसतो आणि ‘त्वरण’ एका दिवसात ‘ॲक्सिलरेशन’ होतं. पोरगं हुशार असतं, पण पहिले चार महिने शब्दांशी झगडण्यातच जातात. नीट आणि जेईई मेन मराठीतून देता येते. सीईटीत मात्र गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. नववीपासून रोज पाच संज्ञा दोन्ही भाषांत लिहून काढल्या, तर हा धक्का बराच कमी होतो. त्याला फी लागत नाही, एक वही लागते.

आणि कागदपत्रं! जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला. दरवर्षी ऐन प्रवेशाच्या वेळी सेतूसमोर रांग लागते आणि एका कागदासाठी मिळणारी सीट हातची जाते. व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करता येतो. 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर 2024-25 पासून ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण दाखला नसेल तर माफी कशी मिळणार? अकरावीचे प्रवेशही 2025 पासून राज्यभर ऑनलाइन झालेत. जास्तीत जास्त दहा कॉलेजांचे पसंतीक्रम भरता येतात. तो फॉर्म शेजारच्या दादाने भरायचा नसतो, स्वतः समजून घ्यायचा असतो.

म्हणजे अडतंय ते माहितीपाशी. ज्याच्या घरी कुणीतरी कॉलेजला गेलंय, त्याला ती जेवताना फुकट मिळते. ज्याच्या घरी कुणीच गेलं नाही, त्याचा बाप कर्ज काढून तीच माहिती क्लासच्या काउंटरवर विकत घेतो. क्लास वाईटच असतात असं नाही. अनेकांना तिथे चांगले शिक्षक भेटतात. पण भीतीपोटी आठवीत भरलेली फी आणि गरज ओळखून अकरावीत भरलेली फी यांत फरक आहे.

खेड्यातल्या पोराला शिकायचंय, पण शहरात राहायला जागा नाही, ही अडचण शाहू महाराजांनी ओळखली होती. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, पाठोपाठ इतर समाजांची वसतिगृहं उभी राहिली. आज खोली कॉट बेसिसवर मिळते. मिळत नाही तो सांगणारा माणूस.

तो माणूस आपण होऊ शकतो. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आपल्या जुन्या शाळेत एक तास जा. नववी-दहावीच्या वर्गाला सीईटी कशी असते, कुठला दाखला कधी काढायचा, कॉमर्स आणि आर्ट्सनंतरही काय काय करता येतं, हे आपल्या भाषेत सांगा. आपण काय चुकलो तेही सांगा. आपल्याला हे वेळेवर कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, ते आठवतंय ना?